सांगली पासिंग

चावी देताना कुंभोजकर एवढंच म्हणाले,
"क्लच जरा वर पकडतो.
आणि पोट खाली आहे तिचं, स्पीडब्रेकरला तिरकी घ्या."
आतून मिसेस: "डिकीत छत्र्या आहेत, असू देत."

राखाडी सेडान. एमएच दहा.
अकरा वर्षं पुण्यात राहूनही सांगलीचीच.
दार इतकं हळू लागलं
की मी उघडून पुन्हा लावलं.

सीट कुंभोजकरांच्या पायांएवढी मागे,
आरशात मागचा रस्ता नाही, छताचं कापड.
मी सीट पुढे ओढली, एक खटका, दोन, पाच,
आणि बसले कडेकडेने,
दुसऱ्याच्या पलंगावर बसतात तशी.
गिअरपाशी ईराची क्लिप, फुलाची एक पाकळी तुटलेली.
केमिस्टचं बिल. बडीशेपेच्या दोन पुड्या.
डॅशबोर्डवर चिकटवलेली चिठ्ठी, निळ्या पेनाने:
हॅन्डब्रेक!!
दोन उद्गारचिन्हं.
म्हणजे घडलं असणार काहीतरी, एखाद्या उतारावर.

सतरा वर्षं मी स्कूटरवर.
कुठल्या गल्लीत किती फट आहे
हे माझ्या गुडघ्यांना माहीत.
या गाडीला गुडघे नाहीत.
तिचं डावं टोक कुठे संपतं
ते मला लक्ष्मीनारायणपर्यंत कळलं नाही.

सिग्नलला थांबले आणि डावा पाय
सवयीने जमीन शोधायला निघाला.
क्लच सुटला.
एक उचकी, आणि गाडी गप्प.
मागून हॉर्न, "ओ सांगली!"
शेजारच्या स्कूटरवर एक स्कार्फवाली, डोळे तेवढे दिसणारी,
काचेतून आत बघून गेली.
ती नजर मला पाठ आहे. रोज मीच बघते तसं:
एवढी मोठी गाडी, आणि आत एकटी बाई.

शैलामावशीला दवाखान्यातून घ्यायचं
आणि धनकवडीला सोडायचं, एवढंच काम.
प्लॅस्टर काढलेला पाय तिने
दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला,
कुणाचं तरी बाळ ठेवावं तसा.
सव्वा महिना समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या बघितल्या तिने.
कुठली टाकी कधी भरून वाहते, सगळं सांगितलं.

धनकवडीचं वळण आलं.
उजवा इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू झाले,
खरड खरड, कोरड्या काचेवर.
ते बंद कसे करायचे ते शोधेपर्यंत मावशी म्हणाली,
"राहू दे. सरळच घे."
"सरळ कुठे?"
"आता सरळ म्हणजे कुठे. सरळ."

कात्रज गेलं. जुना घाट आला.
ट्रकमागे, सेकंडमध्ये, इंजिन कण्हत होतं
आणि मी चौथ्या वळणावर लक्षात घेतलं
की आपण कडेकडेने बसलेलो नाही.
बोगद्यात मावशी म्हणाली, "हॉर्न दे."
दिला.
"मोठा दे."

खाली उतरून खेड शिवापूर.
टोलवर माझ्याकडे सुट्टे नव्हते, पर्स मागच्या सीटवर,
तेवढ्यात दांडी आपली आपण वर.
"सोडलं की गं आपल्याला," मावशी खूश.
"पाय बघितला असेल माझा."
पुढे चहा. तिने गाडीतच घेतला,
कागदी कप हॅन्डब्रेकच्या चिठ्ठीखाली ठेवून.
येताना पुन्हा दांडी वर. पुन्हा तिचा पाय.

परतताना पाचशेचं पेट्रोल टाकलं.
पार्किंगच्या तोंडाशी स्पीडब्रेकर सरळच घेतला,
खालून जो आवाज आला तो पोटात आला, माझ्या.
सीट पाच खटके मागे केली. की सहा होते?
क्लिप जिथे होती तिथे ठेवली.

कुंभोजकर दारात, चष्मा कपाळावर, हातात मोबाइल.
दोन मेसेज होते म्हणे, टोलचे.
ते मी नंतर शोधून काढलं, फास्टॅग म्हणजे काय ते.
त्यांनी चावी खिळ्याला लावली, आणि माझ्याकडे न बघता:
"घाटात सेकंडला चढते ना व्यवस्थित?"

मी म्हटलं,
बोगद्याआधी एकदा
फर्स्टला घ्यावी लागली.