खिळ्यावरची वही

मरोळच्या गाळा नंबर सत्तावीसमध्ये आम्ही
लिफ्टच्या ब्रेकच्या स्प्रिंगा बनवतो.
माझं काम दाबून बघणं.
किती दबते याला फारशी किंमत नाही,
सोडल्यावर परत किती येते
ते मिलिमीटरमध्ये लिहायचं.

याआधी साकीनाक्याला होतो. अकरा वर्षं.
तिथे केबिनचं दार काचेचं होतं
आणि साहेबांचा आवाज त्यातून आरपार यायचा.
काटा लाल खुणेच्या खाली थांबला
तर साहेब ओरडायचेही नाहीत,
फक्त घड्याळाकडे बघायचे.
मी सही करायचो.
कुठल्या इमारतीत गेली ती खोकी,
कितव्या मजल्यापर्यंत?
अजूनही लिफ्टमध्ये शिरताना मोजत बसतो.
मुलीला सांगतो, जिन्यानं चल, व्यायाम होतो.

इथे पहिल्या दिवशी तळपदेबाईंनी
मस्टरशेजारचा खिळा दाखवला.
खिळ्याला दोरी, दोरीला वही, वहीला पेन.
पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर, डावीकडे कललेलं:
"तार स्वस्त मिळाली म्हणून घेतली. तपासली नाही.
नव्वद हजार पाण्यात. चूक माझी. हे. त."
खाली कुणाचा तरी तेलाचा अंगठा,
वाचल्याची पोच.

मला वाटलं, नाटक.
फ्रेममधली मूल्यं मी आधीच्या जागीही पुसली होती,
दर दसऱ्याला, ओल्या फडक्यानं.

चार महिने पुढची पानं कोरीच.
बाई चहाच्या वेळी वही चाळत म्हणाल्या,
"कामं इतकी चोख नाहीत आपली.
भीती चोख आहे."
आणि बिस्किटाचा पुडा फोडून पुढे केला.
संध्याकाळी बबन घरतनं लिहिलं:
भट्टी दहा मिनिटं जास्त चालली.
त्याखाली बाईंनी:
"भट्टीचं घड्याळ बंद आहे, मला जूनपासून माहीत होतं."
दुसऱ्या दिवशी नवं घड्याळ आलं.
मग प्रिस्कानं लिहिलं, बिलावर एक शून्य जादा.

आता सुपरवायझर मी आहे.
परवा टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून,
आणि तौफिक चौगुले, तीन आठवड्यांचा नवा पोरगा,
माझ्यासमोर येऊन उभा.
"एकशेचाळीसचा लॉट. टेम्परिंग राहिलं, भाऊ."

माझ्या घशात साकीनाका आला.
अख्खा, काचेच्या दारासकट.
मी घड्याळाकडे बघितलं.
आणि मी बघतोय ते
त्यानं बघितलं.
सहीच्या रकान्यावर त्याचं पेन आपोआप सरकलं.

स्टूल पायानं त्याच्याकडे ढकललं.
"बस आधी. कुठल्या खोक्यांत आहेत?"
आवाज माझाच होता,
पण वरच्या पट्टीतून
पुरता खाली आला नव्हता.

टेम्पो रिकामा गेला.
बाईंचं फोनवरचं अर्धंच ऐकू आलं:
"हो, उशीर होणार. दंड कापा.
नाही, हा माल नाही पाठवणार."
मग बाहेर येऊन, उभं राहूनच सांगितलं,
या महिन्यात पगार एक तारखेऐवजी दहाला.
त्यांचा स्वतःचा कधी, ते कुणी विचारलं नाही.
बबन कुरकुरला. त्याचा हप्ता पाचला असतो.
त्याचं बरोबरच होतं.
बाईंकडे त्यावर उत्तर नव्हतं
आणि असल्याचं त्यांनी दाखवलंही नाही.

रात्री दिवे घालवायच्या आधी वही काढली.
तौफिकचं अक्षर मुंगीएवढं:
टेम्परिंग राहिलं, चूक माझी.
त्याखाली मी लिहिलं:
"पोरगा खरं सांगत होता.
मी आधी घड्याळ बघितलं. द. पाष्टे."

तेलकट कागदावर शाई लवकर वाळत नाही.
पंख्याखाली वही धरून
उभा राहिलो थोडा वेळ.