अर्थिंग

तिसऱ्यांदा आली बुर्ला सरांची गाडी,
अक्कलकोट रोडवरून, एकाच गिअरमध्ये रडत.
गिअरबॉक्स नवा. म्हणजे जुनाच, पुण्याच्या बाजारातला,
पण वरून चंदेरी रंग मारलेला, नवरदेवासारखा.
पासष्ट हजार, वर टेम्पोचं भाडं.
आणि काट्यांमधला पिवळा दिवा तसाच,
ढिम्म.

स्कॅनर लावला.
पी शून्य सात शून्य शून्य.
हा कोड काही सांगत नाही,
एवढंच म्हणतो की आत कुणाला तरी काही सांगायचंय.
त्याच्या खाली दुसरा, शून्य सात दोन शून्य:
बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग कळेना.
पुसला. गाडी चाळीसवर गेली.
परत उगवला.

महिबूब मिस्त्रींनी सेन्सर बदलला होता, दोनदा.
तेल बदललं होतं. कंपनीच्या माणसाला फोनवर धरून
कंट्रोलरला नव्या बिऱ्हाडाची ओळखही करून दिली होती.
आता टायरवर बसून ते बिडी नुसती फिरवत होते,
न पेटवता.
"हात तो मेराच लगा ना बेटी इसकू."

दुपार त्रेचाळीसची. पाना उचलावा तर चटका.
सर पंख्यासमोर उभं राहून आजवरचा खर्च मोजत होते,
तेलुगूत.
मोजताना माणूस घरच्याच भाषेत जातो.

माझे वडील जेकार्डची कार्डं पंच करायचे,
अशोक चौकामागच्या एका शेडमध्ये.
चादरीवरल्या मोराची मान दर दीड हातावर तुटायची,
तेव्हा मालक सूत बदलायचा, मग कामगार बदलायचा.
वडील चादरीकडे बघायचेच नाहीत.
"चूक कापडावर दिसते गं, कापडात नसते,"
म्हणत बॅटरी घेऊन मागाखाली शिरायचे
आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर बाहेर यायचे,
केसांत कापूस.

मीही आडवी झाले, पोत्यावर.
मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋणावर,
दुसरं गिअरबॉक्सच्या अंगावर, टोचून.
इंजिन चालू, दिवे चालू, एसी चालू.
शून्य यायला हवं होतं, किंवा शून्याच्या शेजारचं काही.
आलं शून्य पॉइंट नऊ.
जवळजवळ एक व्होल्ट,
परतीच्या वाटेवर हरवलेला.
सेन्सर खरंच बोलत होता बिचारा.
ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलत होती.

विणलेल्या तांब्याची ती पट्टी, दोन बोटं रुंद.
बोल्ट काढला. खाली रंग,
चंदेरी, गुळगुळीत, जाड. विकणाऱ्याने दोन हात मारले होते.
आठवडाभर आम्ही त्या कोडचा अर्थ लावत होतो.
अर्थ लावलेलाच होता की.
रंगावर.

सँडपेपरचा बोटभर तुकडा, ऐंशी नंबरचा.
घासत राहिले, खालची करडी धातू लखलखेपर्यंत.
घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता.
मीटर म्हणाला, शून्य पॉइंट शून्य तीन.

तुळजापूर रोडला काढली गाडी, तामलवाडीपर्यंत.
दुसरा पडला. तिसरा. चौथा कधी पडला कळलंच नाही,
चांगला गिअर असाच पडतो.
सर रस्त्याकडे बघेनातच. नजर त्या दिव्यावर.
"आता येईल," म्हणाले.
मग टेकाड चढल्यावर, "आता."
येईना, तर त्यांना करमेना.

परत आल्यावर बिलबुक काढलं.
शेजारी महिबूब मिस्त्री.
पट्टी त्यांनीच कसली होती, घट्ट, दोनदा तपासून.
मी लिहिलं: तपासणी, सहाशे रुपये.
खाली बरीच जागा मोकळी राहिली.

त्यांनी वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं.
मग उठले, फळीवरून सँडपेपरची घडी काढली
आणि खिशात ठेवली,
बिड्यांच्या मागे.