असोला नारळ

कोकमाच्या सोलासारखा चुरमडलेला उजवा कान.
इनास मेंडिस, वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यात
लादी फोडायला वाकला
की तो कान आमच्याकडे असे.

एकावन्न साली बेळगावच्या पलटणीत
कुणा मेजरनं त्याची मान बघितली,
रापणीच्या दोरानं घडवलेली,
आणि रग्बीच्या पुढच्या रांगेत घातलं.
देशासाठी पाच सामने. दोन कोलंबोत,
एक अशा चिखलात
की निकाल काय लागला ते त्याला आठवत नसे.
ट्राय एकही नाही.
"माका बॉल गावलोच नाय कधी.
बाकीच्यांका गावाक व्हयो, म्हणान मी वाकान रवलंय."
छप्पन्नला गुडघा गेला.

गावात हा खेळ कुणाला ठाऊक?
हुतुतूसारखा काय, विचारायचे.
मग तो असोला नारळ काखेत मारून
वाळूतून लंगडत धावायचा
अन् न बघताच मागं फेकायचा.
"फुडे धावाचा. देवचा मात्र फाटी."
बांगड्यांना मीठ लावणाऱ्या बायका
हसून हसून पदर तोंडाला लावत.
एकदा नारळ माझ्या छातीवर बसला.
मी तो सोडला नाही,
एवढंच त्यानं पाहिलं.

काल भरती अचानक चढली, होडी वर घ्यायची होती.
सत्तरीचा म्हातारा, नको म्हटलेलं,
तरी येऊन माझ्या पाठीशी खांदा लावला.
बोलला काहीच नाही.
तळव्यानं माझं डोकं दाबलं
खाली, अजून खाली,
जिथून समुद्र दिसत नाही,
नुसती वाळू
आणि पुढच्याच्या टाचा.