खरवड

हेड खाटेवर, ब्लॉक उघडा,
तिन्ही सिलिंडरांत कोंबलेल्या चिंध्या.
जुनं गॅसकेट अर्धं निघालं,
अर्धं चिकटून,
बुडाशी लागलेल्या पिठल्यासारखं.

मी कानस उचलली.
"ठेव ते," उरकुडा मिस्त्री म्हणाला,
"लोखंड खाते पोट्ट्या."

मग ब्लेड, आडवं धरून.
घासलेट. पुन्हा ब्लेड.
आर्णी फाट्यावरून दोन एसट्या गेल्या.
थ्रेशरवाला तिसऱ्यांदा विचारून गेला, झालं काय?

मिस्त्री डोळे मिटून
बोट फिरवत होता बोल्टांच्या भोकांभोवती.
थांबला. "हे काय हाये?"
मला काहीच दिसेना.
नखाला लागलं.

स्टीलची पट्टी उभी धरली, मागं बॅटरी.
खालून उजेड आला नाही
कुठूनच.

तेव्हा कुठं हात धुऊन त्यानं
खिळ्यावरचं नवं गॅसकेट काढलं.
थ्रेशरवाला चौथ्यांदा आला
आणि न विचारता बसला.