शेवटचा तिसरा हिस्सा

"आत ओढायचा नसतो," एव्हेलियो म्हणाला,
"चूळ भरावी तसा धूर तोंडात फिरवायचा,
आणि द्यायचा सोडून."
टँपा शहर, सातवा रस्ता, दुपारचा पंखा.
बाहेर एक कोंबडा मोटारी अडवून उभा.

पहिल्या इंचाला मिरी, ओली माती.
पुढे काहीतरी भाजलेलं. तो म्हणाला कॉफी,
मला पोह्याचा पापड वाटला, कडेला करपलेला.
तेही त्यानं वहीत लिहिलं,
स्पेलिंग विचारून.

राख बोटभर झाली तरी पडेना.
वळणारा हात चांगला असला की धरून राहते, म्हणे.
त्याच्या अंगठ्याचं नख सपाट, पिवळट.
असं नख मी पाहिलंय
निपाणीत, शेजारच्या कल्लव्वाचं:
सुपात तंबाखू, मांडीवर पानं,
हजार विड्यांतल्या शंभर मुकादम छाट म्हणून फेकायचा.

शेवटच्या हिश्शात चव कडवट होत गेली
आणि एकदम ओळखीची.
तिच्या भाकरीला हाच वास यायचा.
ती बोलवायची,
आम्ही पोरं जेवून आलोय म्हणायचो,
उपाशीपोटी.

एव्हेलियोनं पेन उचललं,
"आता काय लागतंय?"

मिरी, म्हटलं. मिरीच परत.