कान तुटलेला कप

कासुंगूच्या पलीकडे, डांबर संपून लाल माती लागते तिथे
आमची शाळा. मागे तीन दगडांची चूल,
चुलीवर पिंप, पिंपात मका-सोयाची पेज.
मी ढवळते. पगार नाही.
ढवळणारीला शेवटी पिंप खरवडू देतात, एवढंच.

मुख्याध्यापकांनी दारावर खडूने लिहिलंय:
घरून कप आणावा. कप नाही, पेज नाही.
नियम वाईट म्हणता येत नाही.
उकळती पेज ओंजळीत कशी वाढणार?

तिओंगे पहिलीत, यान्खो चौथीत.
दोघांत एक कप. निळा, कान तुटलेला.
पहिलीची रांग आधी लागते.
ती घाईने पिते, जीभ पोळते,
बोटाने तळ पुसते
आणि चौथीच्या खिडकीतून कप आत देते.
खिडकीला काच कधी बसलीच नाही,
त्याचा झालेला हा एकमेव फायदा.

मे महिन्यात यांच्या घरी कणगी भरलेली होती.
मी पाहिलीय. कोंबड्यासुद्धा माजल्या होत्या.
मग लॉरी आली. तराजू लॉरीवाल्याचा, भावही त्याचाच,
आणि त्याच आठवड्यात शाळेची चिठ्ठी:
गणवेश, वह्या, इमारत-निधी.
तीन पोती गेली. मग आजारपणात दोन.
जानेवारीत तोच मका परत आला,
तिप्पट भावाने.
तोच म्हणजे तोच. पोत्याची गाठ मी ओळखते,
डावखुरी गाठ, माझ्या नणंदेची.

नणंद म्हणजे फालेसी, या दोघांची आई.
नवरा जोहान्सबर्गला. फोनवर म्हणतो, पाठवतो.
ती पहाटे दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते,
नेमकी त्याच दिवसांत, जेव्हा तिचं रान तणाने भरत असतं.
तण थांबत नाही. पोरांची पोटंही नाहीत.
पुढच्या मे महिन्यात कणगी अर्धीच भरणार,
हे तिला कळत नाही असं समजू नका.
रात्री ती मला बोटांवर मोजून दाखवते,
आणि पहाटे पुन्हा खुरपं उचलते.

मध्यंतरी एक बाई आल्या, हातात फॉर्म.
मुलं उपाशी का? कारण एका शब्दात सांगा.
मी म्हटलं, गाठ.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, दुष्काळ.
परतताना त्यांची जीप चिखलात रुतली.
आम्हीच ढकलली.

मंगळवारी खिडकीतून कप गेला नाही.
तिओंगे रांगेत होती, हात पाठीमागे बांधून,
जणू पाठीमागे काही धरलंय.
कप कुठाय?
आईने नेला.
रानमालक आता मजुरी कपाने मोजून देतो,
आणि म्हणतो, कप आपापला आणा.

मी पिंपाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं.
मग ओगराळं भरलं, फुंकलं,
आणि तसंच तिच्या ओठांपाशी नेलं.
ओगराळ्याबद्दल दारावर काही लिहिलेलं नाही.

ती प्यायली. यान्खो खिडकीतून वाकून प्यायला,
शर्टावर सांडली, तीही त्याने चोखली.
मी वळले तर भिंतीच्या आडून
एक पोरगा पुढे आला. मग एक मुलगी, कडेवर भाऊ.
मग आणखी चार.
यांना मी रोज बघत होते.
मला वाटायचं, यांना भूक नाही,
यांना खेळायला आवडतं.

सात तोंडं. ओगराळं एक.
पिंपात किती उरलंय, वाकून पाहिलं नाही.
मागे मुख्याध्यापक खोकले.
मी ओगराळं बुडवलं.