कान

गंगावेशीतल्या आमच्या स्टुडिओत
वैजयंता खाडे पेन ड्राइव्ह घेऊन आली.
भावाला स्थळं बघतायत.
"तेवढा उजवा कान नीट कर की गं,
वाळल्या आल्यागत दिसतोय.
पोरीकडचे लांबनंच हात जोडत्यात."

मी डावा कान उचलला,
उलटा केला,
उजवीकडे नेऊन बसवला. कडा पुसल्या.
हनुवटीखालचा व्रण, भुवईतली खाच,
तीही बुजवली जाता जाता.
अर्ध्या तासात
तालमीची पायरी कधी न चढलेला
एक माणूस तयार झाला.

दिवेलागणीला तो स्वतःच आला,
अंगाला तेलाचा, तांबड्या मातीचा वास.
पडद्यासमोर उभा राहिला बराच वेळ.
हात कानाकडे गेला, चाचपून आला.
"ह्यो कुणाचा?"
तुमचाच. डावा.
"डाव्यानं काय केलंय?
मार समदा ह्यानं खाल्लाय."

घाईत मूळ फोटोवरच
सेव्ह मारलं होतं मी.
तसं सांगितलं. चिडला नाही.
स्टूल ओढून बसला,
मोडका कान दिव्याकडे करून.

पैसे देऊन दारापर्यंत गेला, वळला.
"नाकावरची पुटकुळी तेवढी काढा.
ती कालचीच हाय."